पुसण्याआधी बघा, फाइल धरून कोण बसलंय

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. शब्दनोंदी, अर्धवट मसुदे, लेखकांना विचारलेल्या शंका आणि त्यांची उत्तरं, सगळं नोट्सच्या एकाच ॲपमध्ये ठेवते. एक विंडोजचा लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप, दोन्हीकडे तेच ॲप आहे. दोन्हीकडच्या नोट्स सारख्या राहाव्यात म्हणून ॲपचं डेटा फोल्डर मी क्लाउडच्या सिंक फोल्डरमध्ये हलवलं होतं. मागच्या आठवड्यात काम चालू असतानाच लॅपटॉपची बॅटरी संपली. परत चालू केला तर ॲप उघडेना. 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' एवढंच म्हणतं. खराब फाइल काढून टाकावी म्हणून डिलीट करायला गेले, तर 'फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे' असं सांगून विंडोजनं नकार दिला. ॲप काढून पुन्हा टाकलं, तरी तोच संदेश. शेवटी सेफ मोडमध्ये जाऊन फाइल डिलीट केली. ती गेली, पण नेहमीसारखा लॅपटॉप सुरू केल्यावर थोड्या वेळानं पुन्हा हजर! आता फोल्डरमध्ये 640 एमबीची मुख्य फाइल आहे, त्याच नावापुढे 'डब्ल्यूएएल' आणि 'एसएचएम' लागलेल्या दोन फायली आहेत, आणि नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असलेली आणखी एक. माझ्याकडे दीड महिन्यापूर्वीचा बॅकअप आहे. मला मधल्या दीड महिन्याच्या नोट्स हव्या आहेत. ॲप गेलं तरी चालेल. ही फाइल कायमची कशी पुसू?
– एक भाषांतरकार

उत्तर : तुम्हाला नोट्स हव्या आहेत आणि विचारताय फाइल पुसायचं! विंडोजनं पहिल्यांदा नकार दिला हे बरंच झालं. आता सगळ्यात आधी तीन गोष्टी करा. दोन्ही मशीनवर सिंक थांबवा, दोन्हीकडचं नोट्सचं ॲप बंद करा, आणि रिसायकल बिन रिकामी करू नका. सेफ मोडमध्ये पुसलेली तुमची मूळ फाइल बहुधा तिथेच पडली आहे आणि तिचं काम आहे.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. फाइल खराब होणं हे एक आणि ती पुसता न येणं हे दुसरं. खराब झाली म्हणून ती पुसली जात नाही, असं तुम्ही धरून चालला आहात, तसं नसतं. फाइलच्या पोटात काय बिघडलंय याच्याशी डिलीटचा काही संबंध नाही. एखादा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसलाय म्हणून विंडोज नाही म्हणतं. फाइल उघडताना प्रत्येक प्रोग्रॅम विंडोजला सांगतो, की मी वापरतोय तोवर इतरांना काय काय करू द्यायचं. त्यात पुसण्याची मुभा दिली नसेल, तर तो प्रोग्रॅम फाइल सोडेपर्यंत ती पुसता येत नाही. (मॅक आणि लिनक्सवर उलटं आहे. तिथे उघडी फाइलही पुसता येते. नाव लगेच जातं, पण आतला मजकूर प्रोग्रॅम बंद होईपर्यंत डिस्कवर जिवंत असतो आणि प्रोग्रॅम त्या बिननावाच्या फाइलमध्ये खुशाल लिहीत राहतो. मला विंडोजचा हट्टीपणा जास्त परवडतो.)

धरून कोण बसलंय ते आधी शोधू. नोट्सच्या ॲपची खिडकी फुलीवर क्लिक करून मिटली म्हणजे ॲप बंद झालं असं नाही. बरीचशी ॲप्स घड्याळाजवळच्या चिन्हांमध्ये जाऊन बसतात. तिथे राइट क्लिक करून 'क्विट' म्हणा. तरीही फाइल सुटली नाही तर 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, 'सीपीयू'च्या टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या चौकटीत फाइलच्या नावाचा थोडा भाग टाका. फाइल कोणाच्या हातात आहे ते दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या मोफत 'पॉवरटॉइज'मध्ये 'फाइल लॉकस्मिथ' नावाचं साधन आहे, ते राइट क्लिकवरच हे सांगतं. ॲप नसेल तर सिंकचा प्रोग्रॅम किंवा अँटीव्हायरस निघेल. फाइल मोकळी झाली की नाही याची एक निरुपद्रवी चाचणी आहे. फाइलचं नाव बदलून बघा. पुसायला जी मुभा लागते तीच नाव बदलायलाही लागते. नाव बदललं गेलं तर पुसण्याच्या आड कोणी येत नाही. लगेच नाव पूर्ववत करा.

आणि हो, 'शटडाउन' करून पुन्हा चालू केलं तर ते 'रीस्टार्ट'सारखं नसतं. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) आणि पार्श्वभूमीतल्या सेवा हायबरनेट होतात, म्हणजे आहेत तशाच डिस्कवर साठवल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी तशाच जाग्या होतात. एखाद्या सेवेनं फाइल धरली असेल तर ती रीस्टार्टनंच सोडेल.

फायली जबरदस्तीनं सोडवून देणारे 'अनलॉकर' मिळतात. ते वापरू नका. जिवंत प्रोग्रॅमच्या हातातून फाइल ओढून घेतली तरी प्रोग्रॅमला ते कळत नाही. तो आपल्याच समजुतीत लिहीत जातो. डेटाबेसच्या बाबतीत ही आगीतून फुफाट्यात जायची वाट आहे.

ॲप पुन्हा टाकून काही झालं नाही याचं कारण सोपं आहे. प्रोग्रॅम एका जागी असतो आणि तुमच्या नोट्स दुसरीकडे, तुमच्या खात्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये किंवा तुम्ही हलवल्या तिथे. अनइन्स्टॉल करताना नोट्सना हात लागू नये अशीच सोय मुद्दाम केलेली असते. नवं ॲप आलं, त्यानं तीच जुनी फाइल उघडली, तोच संदेश दिला.

आता फाइल परत कुठून आली ते. अशा वेळी दोन शक्यता असतात आणि आकार बघून त्या ओळखता येतात. फाइल काही शे केबीची असेल, तर ॲपनं सुरू होताना नवीन कोरी फाइल बनवलीय. तुमची परत आलेली फाइल 640 एमबीची आहे, म्हणजे ती कोरी नाही. लॅपटॉपवर तुम्ही फाइल पुसली, पण डेस्कटॉपवर ॲप उघडं असणार. तिथली प्रत क्लाउडवर चढली आणि तिथून लॅपटॉपवर उतरली. म्हणजे तुम्ही जी पुसली ती आणि आत्ता जी दिसतेय ती, या दोन वेगळ्या फायली आहेत. नाव एक, आकार जवळपास एक, पण आतल्या नोंदी सारख्याच असतील असं नाही.

हे मी एवढं घोळवून सांगतोय त्याला कारण ती डब्ल्यूएएल फाइल आहे.

नोट्सची बरीच ॲप्स आतून एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतात. डी. रिचर्ड हिप यांनी तो 2000 साली लिहिला आणि सार्वजनिक मालकीत सोडून दिला, त्यामुळे फोनपासून ब्राउझरपर्यंत सगळीकडे तो सापडतो. त्यात 2010 च्या 3.7.0 आवृत्तीपासून लिहिण्याची एक पद्धत आली : नवा मजकूर थेट मुख्य फाइलमध्ये न घालता आधी शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये टिपायचा आणि मग सवडीनं मुख्य फाइलमध्ये न्यायचा. दुकानदार दिवसभर रोजकीर्दीत लिहितो आणि नंतर खतावणी करतो, तसंच. डेटाबेस फाइल ठरावीक आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते, त्यांना पानं म्हणतात. नेहमीच्या मांडणीत ही टिपणं साधारण 1000 पानं झाली की खतावणी होते. एक पान 4096 बाइटचं धरलं तर 4 एमबीच्या आसपास. केवळ मजकुराच्या नोट्स असतील तर 4 एमबी ही थोडी जागा नव्हे. ॲप नीट बंद झालं तर खतावणी पूर्ण होऊन डब्ल्यूएएल फाइल नाहीशीच होते. ॲप पूर्ण बंद असूनही ती फोल्डरमध्ये दिसतेय, याचा अर्थ शेवटची टिपणं अजून मुख्य फाइलमध्ये गेलेली नाहीत. तुमच्या सगळ्यात ताज्या नोट्स तिथे असू शकतात. एसएचएम ही नुसती त्या टिपणांची अनुक्रमणिका. ती हरवली तरी एसक्यूलाइट नवी बनवतं.

आता तुमच्या फोल्डरमध्ये काय झालंय बघा. डब्ल्यूएएल लॅपटॉपची आणि मुख्य फाइल डेस्कटॉपवरून आलेली. एकाची रोजकीर्द, दुसऱ्याची खतावणी. एसक्यूलाइटला हे नेहमीच ओळखता येत नाही. नाव जुळलं आणि आतले आकडे आपापल्या जागी बरोबर असले तर ते विश्वासानं टिपणं आत घालतं, आणि धड असलेली फाइलही बिघडते. म्हणून डब्ल्यूएएल फाइलची 'मॉडिफाइड' वेळ बघा. बॅटरी संपली त्या वेळची असेल तर उत्तम, तिला नंतर कोणी हात लावलेला नाही. तिची खरी जोडी म्हणजे रिसायकल बिनमधली मुख्य फाइल.

तेव्हा बाहेरच्या डिस्कवर तीन फोल्डर करा. पहिल्यात रिसायकल बिनमधली मुख्य फाइल आणि ही डब्ल्यूएएल. रिसायकल बिनमधून 'रीस्टोअर' करू नका, नाहीतर ती सध्याच्या फाइलच्या जागी जाईल; 'कट' करून इकडे पेस्ट करा. नावं मूळचीच राहू द्या. डब्ल्यूएएलचं नाव मुख्य फाइलच्या नावाशी तंतोतंत जुळलं तरच ती वाचली जाते. दुसऱ्या फोल्डरमध्ये डेस्कटॉपवरची मुख्य फाइल आणि तिच्या शेजारी असतील त्या फायली, डेस्कटॉपवरचं ॲप नीट बंद केल्यानंतर उचललेल्या. तिसऱ्यात ती 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी'. मग या तिन्ही फोल्डरांची आणखी एक प्रत काढा आणि काम फक्त त्या प्रतीवर करा. नुसती तपासायला म्हणून डेटाबेस उघडला, तरी बंद करताना खतावणी होते आणि डब्ल्यूएएल नाहीशी होते, म्हणून हा खटाटोप.

कॉपी करताना मध्येच 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक'चा संदेश आला तर तिथेच थांबा. मग दोष डेटाबेसचा नाही, डिस्कच जातेय. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' हे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन चालवण्याआधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढायला हवी. लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' याच कामाचं आहे. तुमच्या वर्णनावरून ही वेळ आलेली दिसत नाही.

आता 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी'बद्दल. ती कचरा समजून पुसली नाहीत ते छान केलंत. सिंकच्या प्रोग्रॅमला एकाच फाइलमध्ये दोन ठिकाणी बदल दिसले, की कोणती खरी हे ठरवता न आल्यानं तो दुसरी बाजूला काढून ठेवतो. खूपदा तीच धड निघते. सगळ्यात आधी ती तपासा.

बॅटरीवर राग धरू नका. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसं होईल. अचानक वीज गेली तरी फाइल शाबूत राहावी, यासाठीच तर ती डब्ल्यूएएलची व्यवस्था आहे. अर्धवट राहिलेलं टिपण पुढच्या वेळी उघडताना एसक्यूलाइट आपणच ओळखून टाकून देतं. खरा संशय सिंकवर. सिंकला डेटाबेस कळत नाही, बाइट कळतात. ते मुख्य फाइल एका क्षणी उचलतं आणि डब्ल्यूएएल दुसऱ्या, आणि पलीकडच्या मशीनवर उघड्या ॲपच्या पायाखालची फाइल बदलून टाकतं. एका मशीनवरची ॲप्स 'मी लिहितोय, थांबा' असं एकमेकांना सांगू शकतात. दोन मशीनवरच्या ॲप्सना सिंक फोल्डरमधून ते सांगताच येत नाही.

दुरुस्तीसाठी एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावर कमांड लाइनचं छोटं मोफत साधन आहे. पुढच्या आज्ञांचे मी उच्चार लिहितोय, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या. काम सुरू करण्याआधी फाइल एखाद्या हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून पहिले 16 बाइट बघा. तिथे इंग्रजीत 'एसक्यूलाइट फॉरमॅट 3' असं वाचता आलं पाहिजे. त्याऐवजी नुसती शून्यं असतील आणि ती शेवटपर्यंत असतील, तर त्या फाइलमध्ये काहीच उरलेलं नाही. तिच्यावर वेळ घालवू नका, दुसरी घ्या. अगम्य अक्षरं असतील आणि तुमचं ॲप पासवर्ड मागत असेल, तर फाइल खराब नसून कूटबद्ध असू शकते.

मग फाइल धड आहे का ते तपासणारी आज्ञा, 'प्राग्मा इंटेग्रिटी_चेक'. उत्तर 'ओके' आलं तर ती फाइल धड आहे, आणि तिच्या पोटातल्या नोट्स घेऊन मोकळ्या व्हा. 'रो मिसिंग फ्रॉम इंडेक्स' एवढीच तक्रार असेल तर नोट्स सुरक्षित आहेत, शोधण्याची सूची बिघडलीय. 'रीइंडेक्स' या एका आज्ञेनं काम होतं. पानांबद्दल, 'पेज' आणि 'ट्री' असे शब्द असलेल्या तक्रारींची रांग लागली, तर पुढे चला.

इथे बरेच जुने सल्ले 'डॉट डम्प' ही सगळा डेटाबेस मजकूर-फाइलमध्ये उतरवणारी आज्ञा वापरायला सांगतात. डम्प टेबल नेहमीच्या वाटेनं वाचत जातं आणि वाटेत मोडकं पान लागलं की अडखळतं. त्यातली मेख अशी, की चूक सापडल्यास त्यानं लिहिलेल्या फाइलच्या शेवटी 'कमिट'ऐवजी 'रोलबॅक' येतं. ती फाइल तशीच नव्या डेटाबेसमध्ये वाचली तर सगळं आत जाऊन शेवटच्या ओळीला सगळं बाहेर येतं, आणि माणूस रिकाम्या डेटाबेसकडे बघत बसतो. 2019 पासून 'डॉट रिकव्हर' आहे, ते वापरा. ते वाटेवर अवलंबून राहत नाही. फाइलमधलं पान न् पान उलटून जे ओळखू येतं ते उचलतं. कोणत्या टेबलचं हे कळलं नाही तर 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या टेबलमध्ये ठेवतं. तुमच्या 640 एमबीत 4096 बाइटची एक लाख साठ हजारांवर पानं आहेत. नुसता मजकूर असलेलं एखादं पान गेलं तर दोन-चार नोट्स जातात. पुढच्या पानांचे पत्ते असलेलं पान गेलं तर डम्पला त्याखालची सगळी फांदी दिसेनाशी होते, रिकव्हरला मात्र ती सापडते.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना, जी इंग्रजी मार्गदर्शनात सहसा नसते. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'पेक्षा मोठे'ची खूण वापरून आउटपुट फाइलमध्ये वळवू नका. वाटेत एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची रीत, बदलतं आणि देवनागरीची अगम्य अक्षरं होतात. त्याऐवजी साधनाच्या आतच आधी 'डॉट आउटपुट' आणि फाइलचं नाव, मग 'डॉट रिकव्हर' द्या. ते संपलं की बाहेर पडा, नव्या कोऱ्या नावानं डेटाबेस उघडा आणि 'डॉट रीड'नं ती फाइल आत घ्या.

वाचवलेल्या डेटाबेसमध्ये तुम्ही स्वतः पूर्वी पुसलेल्या काही नोट्सही दिसतील. घाबरू नका. पुसलेल्या मजकुराची पानं एसक्यूलाइट लगेच कोरी करत नाही, 'मोकळी' म्हणून बाजूला ठेवतं, आणि रिकव्हर तीही वाचतं. हा फायदा आहे, फक्त जुना मसुदा आणि नवा मसुदा यांत गल्लत होऊ देऊ नका.

हा डेटाबेस ॲपला कायमचा वापरायला देऊ नका. सिंकच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये ॲपला तो एकदा दाखवा, उघडला तर त्याच बैठकीत सगळ्या नोट्स ॲपच्या निर्यातीच्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढा आणि त्या कोऱ्या डेटाबेसमध्ये आयात करा. ॲपनं तोही नाकारला तर 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. नोट्सचं टेबल नावावरून ओळखू येतं. जॉप्लिन या नोट्सच्या ॲपमध्ये ते 'नोट्स' आहे आणि मजकूर 'बॉडी'च्या रकान्यात असतो. तारखेच्या रकान्यावर क्रम लावून शेवटचा दीड महिना वेगळा काढा आणि सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामानं वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) उतरवा. तुम्हाला तेवढंच हवंय, बाकीचं तुमच्या बॅकअपमध्ये आहेच. चित्रं आणि जोडपत्रं कधी डेटाबेसच्या आत, तर कधी शेजारच्या फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डरही कॉपीत घ्या.

हे सगळं करण्याआधी क्लाउडच्या संकेतस्थळावर त्या फाइलचा 'व्हर्जन हिस्टरी'ही बघा. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही 30 दिवसांपर्यंतच्या जुन्या आवृत्त्या परत मिळतात. अपघाताच्या आदल्या दिवशीची धड प्रत मिळाली तर वरची निम्मी मेहनत वाचेल.

आणि आता, नोट्स हातात आल्यावर, तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही मशीनवर ॲप बंद, दोन्हीकडे सिंक थांबवलेलं, मग दोन्हीकडे ते फोल्डर बाहेर हलवा. फाइल एकेक पुसू नका, अख्खं फोल्डर एकदम हलवा, म्हणजे अनाथ डब्ल्यूएएल मागे राहत नाही. क्लाउडच्या संकेतस्थळावरही ते काढा आणि मगच सिंक चालू करा. ती फाइल परत येणार नाही. महिना-दोन महिने काही कमी पडलं नाही, तर हलवलेलं फोल्डर पुसून टाका.

कोणीही धरलेलं नसताना एखादी फाइल पुसली जात नसेल, तर कारणं वेगळी असतात. परवानगी नसणं, 260 अक्षरांपेक्षा लांब पत्ता, नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा. 'फाइल ऑर डिरेक्टरी इज करप्टेड अँड अनरीडेबल' असा संदेश असेल तर तेव्हा मात्र चेकडिस्क, अर्थात कॉपी काढून झाल्यावर.

प्रश्न : माझा जुना विंडोज 10 चा लॅपटॉप बंद पडला. त्याची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आहे, डिस्क वाचता येते. डेस्कटॉपवरच्या पिवळ्या स्टिकी नोट्समध्ये बरंच महत्त्वाचं होतं. त्या कुठे शोधू? सर्च करून काही सापडत नाही.

उत्तर : सर्चमध्ये सापडणार नाहीत, कारण प्रत्येक नोटची वेगळी फाइल नसते. 2016 च्या 1607 या अद्ययावतीनंतर सगळ्या स्टिकी नोट्स 'प्लम' नावाच्या एकाच एसक्यूलाइट फाइलमध्ये असतात. जुन्या डिस्कवर 'यूजर्स', मग तुमच्या नावाचं फोल्डर, 'ॲपडेटा', 'लोकल', 'पॅकेजेस' असं आत जा. ॲपडेटा लपवलेलं असतं, तेव्हा लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. पॅकेजेसमध्ये 'मायक्रोसॉफ्ट स्टिकी नोट्स'नं सुरू होणारं लांबलचक नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'लोकलस्टेट'. तिथली प्लम आणि तिच्या शेजारच्या डब्ल्यूएएल, एसएचएम अशा तिन्ही एकत्र उचला. लॅपटॉप अचानक बंद पडला असेल तर शेवटच्या नोट्स डब्ल्यूएएलमध्येच असतील. बरेच जण नुसती प्लम घेतात आणि नव्या नोट्स गेल्या म्हणून हळहळतात. कॉपीवर डीबी ब्राउझर चालवा, 'नोट' हे टेबल आणि 'टेक्स्ट' हा रकाना. मजकुराच्या मध्ये 'आयडी'सारख्या खुणा आणि लांब आकडे दिसतील, ते काढून टाका.

प्रश्न : नोट्स सिंक होतात म्हणजे बॅकअप आहेच, असं मी समजत होतो. एका मित्रानं डेटाबेस नकोच म्हणत साध्या मजकूर-फायलींवर चालणारं ॲप घ्यायला सांगितलं. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : सिंक बॅकअप नाही. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. एकीकडे खराब झालं तर ते दुसरीकडेही इमानेइतबारे खराब करतं.

मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. ऑब्सिडियनसारख्या ॲपमध्ये प्रत्येक नोट म्हणजे एक साधी मार्कडाउन फाइल. एक बिघडली तर एकच नोट जाते, ॲप नसलं तरी नोटपॅडमध्ये वाचता येते. तिथेही सिंकचे संघर्ष होतात, पण ते एका नोटपुरते राहतात आणि डोळ्यांनी बघून सोडवता येतात. हजारो छोट्या फायली सिंक करायला वेळ लागतो, ही त्याची उणी बाजू. पण म्हणून डेटाबेसवाली ॲप्स टाकाऊ होत नाहीत. डेटाबेस सिंक फोल्डरमध्ये ठेवणं वेगळं आणि ॲपच्या स्वतःच्या सिंकचा पर्याय वापरणं वेगळं. उदाहरणार्थ, जॉप्लिन क्लाउडवर अख्खा डेटाबेस पाठवत नाही, एकेक नोट वेगळ्या फाइलमध्ये पाठवतं. प्रत्येक मशीनचा डेटाबेस त्या त्या मशीनवरच राहतो. ॲपमध्ये अशी सोय असताना डेटाबेसच उचलून सिंक फोल्डरमध्ये नेण्याचा आडमार्ग कशाला?

बॅकअप घ्यायचा तर ॲप पूर्ण बंद करून फोल्डर कॉपी करा, किंवा ॲपच्या 'एक्सपोर्ट'नं काढा. चालू ॲपच्या डेटाबेसची कॉपी कधी धड निघते, कधी नाही, आणि कोणती कशी निघाली हे गरज पडेपर्यंत कळत नाही. कमांड लाइनची सवय असेल तर 'व्हॅक्यूम इनटू' ही आज्ञा चालू डेटाबेसचीही सुसंगत प्रत काढते. वर्षातून एखाद्या वेळी बॅकअपमधून नोट्स खरोखर परत येतात का, हे रिकाम्या खात्यात आयात करून बघा.

प्रश्न : अँड्रॉइड फोनवर नोट्सचं ॲप उघडताना सारखं बंद पडतं. सेटिंग्जमध्ये 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' असे दोन पर्याय आहेत. कोणता दाबू?

उत्तर : कॅश. डेटाला हात लावू नका. त्याखाली डेटाबेसच असतो आणि तो फोनवर रिसायकल बिनमध्ये जात नाही. कॅश साफ करून फरक पडला नाही तर फोनवरची मोकळी जागा बघा. जागा संपली की डेटाबेसला लिहिता येत नाही आणि ॲप उघडतानाच कोसळतं. थोडे व्हिडिओ काढले तरी ते चालू होतं. त्यानंतरही नाही, तर त्याच खात्यानं वेबवर किंवा दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून तुमची शेवटची नोट तिथे पोचली आहे का बघा. पोचली असेल तर 'क्लिअर डेटा' करायला हरकत नाही. ॲप पुन्हा लॉगिन मागेल आणि नोट्स खाली उतरतील. पोचली नसेल तर ॲपचं अपडेट येईपर्यंत थांबा. काहीही झालं तरी ॲप अनइन्स्टॉल करू नका, कारण विंडोजवर अनइन्स्टॉल बहुधा नोट्स मागे ठेवतं, पण अँड्रॉइड ॲपबरोबर त्याचा आतला डेटाही काढून टाकतं.